कॉलरीतले दोन ठिपके

माझ्या मावशीला अख्खी गल्ली शाई म्हणते. तोंडावर शाईबाई, पाठीमागे नुसतं शाई, आणि ज्यांचे कपडे तिनं कधीकाळी हरवले ते आणखी काय काय म्हणतात, ते इथे सांगण्यासारखं नाही. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली पन्नास वर्षं काळी आहेत. लाँड्रीत कपड्यांवर खुणा करायचं तिचं काम. आलेला कपडा आधी तिच्या टेबलावर जातो. ती कॉलरच्या आत, नाहीतर कमरपट्टीच्या आत, टाकानं नंबर घालते, त्यावर मी इस्त्रीचा चटका देते, की शाई पक्की. "कापड विरेल, माणूस मरेल, खूण जायची नाही," असं ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते. त्यातलं माणूस मरेल हे गाळ, असं मी तिला शंभरदा सांगितलं असेल. ऐकलं तर ती शाई कसली!

मी तिची भाची. काउंटर मी सांभाळते, इस्त्री मी करते, आणि तिनं तोडलेली गिऱ्हाइकं जोडायचं कामही माझ्याच गळ्यात आहे. मावशीचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पळाला. त्याचे सात बनियन मागे राहिले. मावशी रडलीबिडली नाही. तिनं ते फाडून टाक पुसायला घेतले आणि पुढची अकरा वर्षं पुरवले. "एवढाच काय तो उपयोग झाला त्याचा," असं म्हणते. माणसांबद्दल तिचं एकूण मत हे असं आहे. तिला माणसं कळत नाहीत, तिला कपडे कळतात. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाला नोकरी लागली, कोण जेवतोय आणि कोण नुसताच चहा पितोय, हे ती शर्टाच्या बाहीवरून सांगते. वर म्हणते, मला काय करायचंय.

आमचा नियम सोपा आहे. एका घराला एक नंबर. नंबरापुढे ठिपके: कर्त्या माणसाला एक, बायकोला दोन, पोरांना तीन. सासू असली तर फुली. फुलीच का, हे मावशीला विचारायची आजवर कुणाची छाती झाली नाही. आणि एका छपराखाली राहणारे जे सुटे लोक असतात, पोटभाडेकरू वगैरे, त्यांना प्रत्येकाला वेगळा नंबर. कारण घरची माणसं एकमेकांचे मोजे घालून गप्प बसतात, आणि पोटभाडेकरू मोज्यावरून एकमेकांची डोकी फोडतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी शहराच्या संग्रहालयातून एक तरुण बाई आली. गळ्यात ओळखपत्र, हातात रेकॉर्डर, पायात डोंगर चढायचे बूट. हातात गाठोडं नव्हतं, म्हणून मावशीनं मान वर केली नाही. बाईनं इकडेतिकडे पाहिलं, काउंटरवर वाकली आणि कुजबुजली, "दोन ठिपके ही संघटना इथूनच चालायची ना?"

मला वाटलं ही चुकून आली, मानसोपचाराचा दवाखाना पुढच्या चौकात आहे. पण ती बिचारी मनापासून बोलत होती. एका जुन्या घराच्या माळ्यावर तिला ट्रंकभर पत्रं सापडली होती. पुरुषांनी पुरुषांना लिहिलेली, बायकांनी बायकांना. या शहरात पुरुषांवर जीव असणारे पुरुष आणि बायकांवर जीव असणाऱ्या बायका आधीही होत्या, कितीतरी होत्या, पण शहराच्या एकाही पुस्तकात त्यांच्याबद्दल ओळ नाही. आणि त्या पत्रांत सारखं एकच. "काळजी नको, ते दोन ठिपक्यांतलेच आहेत." "आम्हालाही दोन ठिपके मिळाले." एका पत्रात तर आमच्या गल्लीचा पत्ता. इतिहासवालीनं दोन वर्षं यावर घालवली होती. तिनं एक तक्ताही काढला होता, त्यात अध्यक्ष, चिटणीस आणि प्रश्नचिन्हं होती.

"तळघरात सभा व्हायच्या का?" तिनं विचारलं.

"तळघरात आमचा बॉयलर आहे," मी म्हटलं.

"मग नव्या सभासदांना शपथ कुठे द्यायचे?"

मावशीनं तेवढ्यात टाक दौतीत बुडवला, निथळला, आणि मान न वळवता म्हणाली, "शपथ कसली डोंबलाची? मोजे हरवायचे म्हणून घातले होते ठिपके!"

मग तिनं सांगितलं ते मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. पण मी ते मोज्यांची गोष्ट म्हणूनच ऐकलं होतं.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी पलीकडच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर दोघं राहायला आले. एक शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. दुसरे टोप्यांच्या दुकानातले कारागीर, त्यांना सगळे टोपीवाले म्हणत. खोल्या मास्तरांच्या नावावर, टोपीवाले पोटभाडेकरू. म्हणजे नियमाप्रमाणे दोन गाठोडी, दोन नंबर: तीनशे सतरा आणि तीनशे अठरा. पण सतराच्या गाठोड्यात अठराचा मोजा, अठराच्या गाठोड्यात सतराचा बनियन. आणि चादर? दर आठवड्याला एक. माणसं दोन, चादर एक. यातून दुसऱ्या कुणी काय अर्थ काढला असता ते असो, मावशीनं एवढाच काढला की हे दोघं आपलं डोकं खाणार. दर सोमवारी तासभर ती मोज्यांच्या जोड्या लावत बसायची. शेवटी एका सोमवारी तिचं टाळकं सरकलं. तिनं तीनशे अठरा रद्दच करून टाकला. टोपीवाल्यांचे सगळे कपडे तीनशे सतरात घातले, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला जे लागतात ते ठोकले. दोन ठिपके.

बुधवारी टोपीवाले दुकानात हजर. चेहरा पांढराफटक. कॉलर उलटी करून त्यांनी शर्ट मावशीसमोर धरला. आवाज इतका खाली की बॉयलरपुढे ऐकूच येईना.

"हे काय आहे?"

"घरातल्या दुसऱ्या माणसाची खूण," मावशी म्हणाली. "पटत नसेल तर मोजे वेगळे करून पाठवत जा."

मागे रांगेत तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. टोपीवाले हलेनात.

"धुतल्यावर जातात का?"

"नाही जात."

मावशीला वाटलं आता हा माणूस आरडाओरडा करणार. त्यांनी शर्टाची घडी घातली, ती मोडली, परत घातली. "बरं," म्हणाले आणि गेले. पुढच्या सोमवारी तिसऱ्या मजल्यावरून एकच गाठोडं आलं.

महिन्याभरात शहराच्या दुसऱ्या टोकाचे लोक कपडे घेऊन यायला लागले. त्यांच्या घराखाली लाँड्री, समोर लाँड्री, तरी दोन बस बदलून आमच्याकडे. यायचे, काउंटरवर गाठोडं ठेवायचे, छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "आम्ही दोघं एका घरचे आहोत." तेव्हाच्या मालकाला वाटलं हा आपल्या खळीचा प्रताप. कडक कॉलर करावी तर आपणच, असं तो मरेपर्यंत छाती फुगवून सांगत होता. एकदा एक कंडक्टरीण आणि एक नर्स आल्या, आणि एक ठिपका कुणाला यावरून दोघींची काउंटरवरच जुंपली. कंडक्टरीण म्हणे, घरात माझा शब्द चालतो. नर्स म्हणे, चालतो, कारण मी चालू देते. मावशीनं दोघींकडे पाहिलं आणि दोघींनाही दोन दोन ठोकले. "आता बसा एकमेकींचे घालत," म्हणाली. त्या हसत हसत गेल्या, आणि नंतर एकोणीस वर्षं येत राहिल्या.

इतिहासवालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "म्हणजे तुम्ही त्या सगळ्यांना आपलं म्हटलंत!"

"मी मोजे वेगळे करायचे बंद केले," मावशी म्हणाली. "आणि ते यंत्र माझ्या तोंडापुढून काढ."

मी इस्त्री धरून तशीच उभी होते. असल्या कॉलरींना मी वीस वर्षं चटके दिले होते. कोण कुणाचा साडू आणि कुणाचं कुणाशी फाटलं याची बित्तंबातमी ठेवणारी मी! मला वाटायचं, असतील मावशीच्या काही सवयी. स्वतःच्या अकलेची मला इतकी लाज वाटली की एका गिऱ्हाइकाची बाही करपली.

"यातलं कुणी आहे का अजून?" इतिहासवालीनं विचारलं.

मावशीनं टाक खाली ठेवला. काम अर्धं टाकून टाक खाली ठेवताना मी तिला फारसं पाहिलेलं नाही. "एक आहे," ती म्हणाली. "गुरुवारी त्याला घराबाहेर काढणार आहेत."

मास्तर दोन महिन्यांपूर्वी गेले होते. ते असताना वीस वर्षं जो जिना चढला नाही तो त्यांचा पुतण्या दुसऱ्याच दिवशी उगवला आणि मास्तरांचं सगळं घेऊन गेला. रंगांच्या पेट्या, छत्री, कपडे, अगदी दाढीचा ब्रशसुद्धा. आता त्याला खोल्या हव्या होत्या. घरखात्याचा नियम असा की मूळ भाडेकरू गेला तर खोल्या त्याच्या घरच्या माणसाला मिळतात, म्हणजे जो त्याच्याबरोबर एक घर करून राहत होता त्याला. तसं कुणी नसेल तर जवळच्या नातेवाइकाला. पोटभाडेकरूनं मुकाट्यानं निघायचं.

आणि टोपीवाले तर कागदोपत्री पक्के पोटभाडेकरू. दोघांनी एक्केचाळीस वर्षं, आपण एका घरचे नाही आहोत, याचेच पुरावे गोळा केले होते. दारावर दोन पाट्या, दोन घंटा. आत दुसरी खाट, तिच्यावर कधी कुणी झोपलं नाही, टोप्या वाळत असायच्या. फोटोंत मध्ये हातभर अंतर. आणि प्रत्येक सरकारी फॉर्मवर टोपीवाल्यांच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात: पोटभाडेकरू. इतकं चोख काम केलं होतं बिचाऱ्यांनी की आता त्यांना स्वतःलाच ते खोडता येईना.

आम्ही तिघी त्याच दुपारी त्यांच्याकडे गेलो. जिना चढताना मावशीनं गुडघ्यांच्या नावानं इतका उद्धार केला की इतिहासवालीनं रेकॉर्डर बंद करून टाकला. टोपीवाले काका टोप्यांचे लाकडी साचे खोक्यात भरत होते. म्हणजे लढाईआधीच हार.

"शर्ट कुठे आहेत तुमचे?" मावशीनं दारातूनच विचारलं. "गुरुवारी न्यायचे. एकूण एक. तीनशे सतरा, दोन ठिपके. पोटभाडेकरूला मी असली खूण देत नाही, हे मी सांगते त्या साहेबाला."

काकांनी हातातला साचा खाली ठेवला. "शाईबाई, तिथे विचारतील दोन ठिपके म्हणजे काय."

"विचारू देत की."

"उभा जन्म सांभाळलं आम्ही. मास्तर दवाखान्यात होते तेव्हासुद्धा मी नर्सला सांगितलं, मी त्यांचा भाडेकरू. मग तिनं मला बाहेर बाकावर बसवलं. आता चार लोकांसमोर उघडा पडू?"

दवाखान्याचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

"उघडे कसले पडताय," मावशी म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, "कपडेच तर दाखवायचेत."

काकांनी फक्त आम्हाला चहा दिला. चौघांना चहा, आणि कप आणताना सवयीनं पाच आणले.

गुरुवारी घरखात्याच्या ऑफिसात चष्मा लावलेल्या एक अधिकारीबाई बसल्या होत्या. समोर दोन बाकं. एकावर पुतण्या, लांब राखाडी लोकरी कोटात, अगदी रुबाबात. दुसऱ्यावर आम्ही, शर्टांच्या गाठोड्यासह. पुतण्यानं सगळे फॉर्म ओळीनं मांडले आणि टोपीवाल्यांचं अक्षर त्यांनाच वाचायला लावलं. काकांनी वाचलं. पोटभाडेकरू. पोटभाडेकरू. पोटभाडेकरू.

मग मावशी उठली आणि तिनं नंबर, ठिपके, नियम, सगळं सांगितलं. सासूची फुलीसुद्धा सांगितली, गरज नसताना. अधिकारीबाईंनी शर्ट उलटसुलट करून पाहिले.

"पण हा तीनशे सतरा यांचा स्वतःचाही असू शकतो," त्या म्हणाल्या. "मास्तरांचा नंबर तोच होता हे कशावरून? तुमची खुणांची वही?"

"पाइप फुटला तेव्हा भिजून तिचा लगदा झाला."

"मास्तरांचा एखादा कपडा?"

"सगळे त्यांच्या या पुतण्यानं नेले."

"जुनेपाने होते, टाकून दिले," पुतण्या म्हणाला आणि बाकावर आरामात मागे टेकला.

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे त्याच्याकडे नाही, सांगितलं ना, माणसाकडे ती बघतच नाही. तिनं कोटाकडे पाहिलं. मग सरळ चालत गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"छान आहे रे कोट. कुणाचा?"

"माझा."

"तुझा? मग डाव्या बाहीवर हा निळा डाग कसला? मी तो चौदा हिवाळे घासतेय, जाता जात नाही. तू काय चित्रं काढतोस?"

पुतण्या गोरामोरा झाला. "काकांनी दिला होता मला. आधीच दिला होता."

"म्हणजे मास्तरांचा. नक्की ना?"

"मास्तरांचाच, मग? काय संबंध पण?"

"बाईसाहेब," मावशी न वळता म्हणाली, "याच्या आतल्या खिशापाशी अस्तरावर तीनशे सतरा आहे आणि पुढे एक ठिपका आहे. नसला तर माझी ही तीन बोटं कापा."

कोट उतरवायला लावला. अधिकारीबाईंनी खिसा उलटा केला, चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांनी कोट आणि शर्ट शेजारी शेजारी ठेवले. पुतण्याची अवस्था मात्र बघण्यासारखी झाली होती, आतून शर्टाला इस्त्रीसुद्धा नव्हती मेल्याच्या.

"एक ठिपका घरच्या कर्त्याचा, हे कळलं," अधिकारीबाई म्हणाल्या. "आणि दोन कुणाचे असतात?"

मावशीनं तोंड उघडलं. मी डोळे मिटले, कारण ती बायकोचे असं म्हणणार आणि पुतण्या खिदळणार हे मला दिसत होतं. पण तिनं तोंड पुन्हा मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच. तिनं काकांकडे पाहिलं.

टोपीवाले काका उठले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात घेतली. आम्ही त्यांना बिनटोपीचं कधी पाहिलं नव्हतं. टक्कल होतं पार.

"घरातल्या दुसऱ्या माणसाचे," ते म्हणाले. "तो मी. आम्ही एक्केचाळीस वर्षं एकत्र होतो. मी पोटभाडेकरू नव्हतो, बाई. फॉर्मवर मी खोटं लिहिलं. दर वेळी लिहिलं."

त्यांचा आवाज थरथरत होता, पण शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू आला. अधिकारीबाईंनी थोडा वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, "कोट यांना परत द्या," आणि पुतण्या बाहेरच्या थंडीत नुसत्या शर्टावर गेला.

पंधरा दिवसांनी खोल्या काकांच्या नावावर झाल्याचा कागद आला. त्यानंतर इतिहासवाली परत आली. तिला दोन ठिपक्यांचा एक शर्ट काचेच्या पेटीत ठेवायचा होता, शेजारी मावशीचा टाक, आणि खाली माहिती. काकांनी सर्वांत विरलेला शर्ट दिला. मावशीनं टाक दिला नाही. "मग मी लिहू कशानं? इतिहासानं?" असं विचारलं. पाटीवर 'मायेने जपलेली खूण' असं काहीतरी होतं, ते तिनं खोडायला लावलं आणि 'मोजे हरवू नयेत म्हणून केलेली खूण' असं घालायला लावलं. इतिहासवालीला आधी राग आला. मग तिनं तसंच छापलं, आणि आता म्हणे लोक सर्वांत जास्त त्याच पाटीपाशी थांबतात.

पण मला सांगायचंय ते त्याच्या नंतरच्या सोमवारचं. काका गाठोडं घेऊन आले. दिलेल्या शर्टाच्या बदल्यात त्यांनी नवा शर्ट घेतला होता. गाठोडं इतकं हलकं होतं की काउंटरवर ठेवल्याचा आवाजही झाला नाही. मावशीनं नव्या शर्टाची कॉलर उलटी केली, टाक बुडवला आणि तीनशे सतरा घातला. मग थांबली. नियम तिचाच आहे: कर्ता माणूस गेला की दुसऱ्याला एक ठिपका मिळतो. गल्लीतल्या सगळ्या विधवांना तिनं असाच दिलाय, न विचारता.

"आता एकच घालायचा," ती म्हणाली. "घर तुमच्या नावावर झालं. तुम्ही कर्ते."

"नको," काका म्हणाले. "एक त्यांचा आहे. माझे दोनच असू द्यात."

मागे रांगेत लोक खोळंबले होते. मावशीनं निब बघितलं, शाई फार पातळ झालीय म्हणून कुणाला तरी शिवी दिली, आणि काळ्या अंगठ्यानं नाक पुसलं. नाकावर डाग पडला. मग तिनं नीट, एकाशेजारी एक, दोन ठिपके घातले आणि कॉलर माझ्याकडे सरकवली. मी इस्त्री टेकवली आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच दाबून धरली.

काका काउंटरवरून वाकून बघत होते.

"धुतल्यावर जाणार नाहीत ना?" त्यांनी विचारलं.